जुन्या घराचे नवे वायरिंग : परवाना, चाचणी आणि सहीची जबाबदारी

पुण्याच्या पेठांमधील वाडे, मुंबईतील चाळी व उपकरप्राप्त इमारती, कोकणातील कौलारू घरे आणि १९६०-७० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या गृहनिर्माण संस्था यांचे नूतनीकरण करताना फरशी, रंग, स्वयंपाकघराचा ओटा आणि न्हाणीघर यांवर घरमालकाचे लक्ष प्रथम जाते, तर विजेचे काम बहुधा किरकोळ खर्चाच्या सदरात जमा होते. वास्तविक भिंतीला रंग कोणी लावावा याविषयी कायदा काही बोलत नाही. त्याच भिंतीतून विजेची तार कोणी ओढावी, हे मात्र तो स्पष्ट शब्दांत ठरवून देतो. या कामाला मंजुरी कोणाची लागते, असा प्रश्न निर्माण झाला की महापालिका, वीजवितरण कंपनी, गृहनिर्माण संस्था आणि विद्युत निरीक्षक अशी चार दारे समोर येतात, आणि त्यांपैकी कोणते ठोठावायचे हे न कळल्यामुळे पुष्कळदा एकही ठोठावले जात नाही. सामान्य निवासी घराच्या बाबतीत कायद्याने मंजुरीचा मुख्य भार कोणत्याही कार्यालयाच्या शिक्क्यावर न टाकता, काम करणाऱ्या परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीवर टाकला आहे, ही गोष्ट लक्षात घेतली की या विषयातील बराचसा गोंधळ दूर होतो.

कायद्याची चौकट

भारतातील विद्युत सुरक्षिततेची व्यवस्था दीर्घकाळ भारतीय विद्युत नियम, १९५६ यांवर उभी होती. विद्युत अधिनियम, २००३ अमलात आल्यावर हे नियम करण्याचे काम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे आले. प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षितता व वीजपुरवठा यांविषयीचे विनियम प्रसिद्ध केले आणि २०२३ मध्ये त्यांची जागा सुधारित विनियमांनी घेतली. नियमावली बदलत गेली तरी एक तत्त्व मात्र कायम राहिले. ग्राहकाच्या जागेतील विद्युत संचमांडणी, म्हणजे मीटरपासून पुढे असलेल्या तारा, स्विच, बोर्ड, फ्यूज व अर्थिंग यांचा समुच्चय, हिच्यात भर घालण्याचे, फेरफार करण्याचे किंवा दुरुस्तीचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या विद्युत कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या हातून करून घेतले पाहिजे, असे ते तत्त्व आहे. तारतंत्री म्हणजे बोलीत ज्याला वायरमन म्हणतात तो कारागीर होय. महाराष्ट्रात या तिन्ही पातळ्यांवरील परवाने व प्रमाणपत्रे शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. गोव्यात वीजपुरवठा शासनाच्या वीज खात्याकडे असला, तरी सुरक्षिततेचे केंद्रीय विनियम तेथेही हेच आहेत.

या नियमाला एक मर्यादित अपवाद आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यासाठी परवानाधारकाची सक्ती नाही. परंतु त्या बदलामुळे संचमांडणीची क्षमता अथवा स्वरूप बदलता कामा नये, अशी अट त्या सवलतीला जोडलेली आहे. बिघडलेला स्विच काढून त्याच जागी तसाच दुसरा बसवणे या अपवादात मोडते. त्याच बोर्डावर वातानुकूलन यंत्रासाठी १६ अँपिअरचे सॉकेट वाढवणे मात्र त्यात मोडत नाही, कारण त्यामुळे तारेवरचा भार बदलतो. नूतनीकरणात केले जाणारे जवळजवळ प्रत्येक काम, मग ते नवा पॉइंट काढण्याचे असो की स्वयंपाकघर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याचे असो, या कसोटीवर फेरफारच ठरते.

महापालिकेचा संबंध येथे सहसा येत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ४३ नुसार इमारतीच्या केवळ आतील भागापुरत्या मर्यादित असलेल्या देखभाल व सुधारणेच्या कामांना विकास परवानगीची गरज नसते, आणि वायरिंगचे काम सर्वसाधारणपणे याच प्रकारात येते; वारसा यादीतील इमारतींची गोष्ट वेगळी असून तेथे दर्शनी भागाला हात लावण्यापूर्वी स्वतंत्र विचारणा करणे इष्ट ठरते. विद्युत निरीक्षक हा राज्य शासनाचा अधिकारी असून पंधरा मीटरपेक्षा उंच असलेल्या बहुमजली इमारतींमध्ये वीजपुरवठा सुरू करण्यापूर्वी किंवा खंडानंतर पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याची तपासणी आवश्यक असते. एखाद्या दुमजली वाड्यातील वा तीन मजली इमारतीतील एका सदनिकेचे वायरिंग पाहण्यासाठी मात्र तो येत नाही. गृहनिर्माण संस्थेची संमती लागते ती सामाईक भागापुरती, म्हणजे मीटरची खोली, जिन्यातून वर जाणारी मुख्य केबल आणि इमारतीचे सामाईक अर्थिंग यांना धक्का लागणार असेल तर.

उरतो तो वीजपुरवठादार. महाराष्ट्राच्या बहुतेक भागात तो महावितरण, मुंबई शहरात बेस्ट उपक्रम, तर मुंबईच्या उपनगरांत प्रामुख्याने अदानी इलेक्ट्रिसिटी व टाटा पॉवर असा आहे. नव्या किंवा वाढीव वीजपुरवठ्यासाठी अर्ज आल्यावर, तसेच सहा महिने बंद असलेला पुरवठा पुन्हा जोडण्यापूर्वी, पुरवठादाराने ग्राहकाच्या संचमांडणीची स्वतः चाचणी घ्यावी अथवा परवानाधारक कंत्राटदाराने रीतसर सही केलेला चाचणी अहवाल स्वीकारावा, असे विनियम सांगतात. व्यवहारात दुसराच पर्याय रूढ झाला आहे, आणि ‘टेस्ट रिपोर्ट’ या नावाने सर्वांना परिचित असलेला कागद तो हाच होय.

या व्यवस्थेतील खरी फट येथेच दिसते. वीजभार वाढवायचा असेल तर पुरवठादार अहवाल मागतो; पण भार न वाढवता केवळ जुन्या तारा काढून नव्या टाकल्या तर अहवाल मागायला कोणीच येत नाही, आणि परवानाधारकाकडूनच काम करून घेण्याचे बंधन मात्र तेव्हाही तितकेच लागू असते. दुसरीकडे, ज्याने घर पाहिलेलेच नाही अशा कंत्राटदाराची सही पैसे देऊन मिळवण्याची सोयीची वाट शोधली, तर अर्ज पुढे सरकतो, परंतु त्या कागदामागे कोणतेही मापन नसल्यामुळे कायद्याने ठेवलेली सुरक्षिततेची एकमेव पायरी नाहीशी होते.

जुन्या भिंतींत काय दडलेले असते

ही पायरी जुन्या घराच्या बाबतीत विशेष महत्त्वाची का, हे समजण्यासाठी त्या घराच्या तारांकडे पाहावे लागते. प्लास्टिकच्या म्हणजे पीव्हीसीच्या आवरणाच्या तारा सर्वत्र रूढ होण्यापूर्वी तांब्याच्या तारेवर रबराचे आणि त्यावर सुती विणीचे आवरण असे. अशा तारा लाकडी पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांनी ठोकल्या जात किंवा लाकडी केसिंग-कॅपिंगमधून, म्हणजे खाचा असलेली पट्टी व तिच्यावरचे झाकण यांमधून, नेल्या जात. उष्णता आणि हवा यांमुळे रबर कालांतराने कडक होऊन तडकते, आणि तार जागची न हलवता काही दशके व्यवस्थित चाललेले वायरिंग नूतनीकरणात जरा वाकवले की त्याचे आवरण गळून पडते. त्यानंतरच्या काळात स्वस्ताई म्हणून वापरल्या गेलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांचा दोष निराळा आहे. ॲल्युमिनियम उष्णतेने तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते व स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जाते. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर वीज सहज वाहू न देणारा ऑक्साइडचा थर चढतो, म्हणून सांधे सैल पडून तेथेच उष्णता साठते.

जुन्या मुख्य बोर्डावर आढळणाऱ्या चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजचा एक खास धोका आहे. फेज म्हणजे ज्या तारेतून विजेचा दाब येतो ती आणि न्यूट्रल म्हणजे ज्या तारेतून प्रवाह परत जातो ती, अशा दोन्ही तारांवर पूर्वी स्वतंत्र फ्यूज बसवलेले असत. त्यांपैकी न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर दिवे मालवतात, परंतु फेज जिवंत राहते, आणि वीज गेली आहे अशा समजुतीने बोर्डाला हात लावणाऱ्याला धक्का बसतो. म्हणूनच न्यूट्रलवर सुटा फ्यूज वा सुटा स्विच बसवण्यास नियमांनी मनाई केली आहे. जुन्या घरांत अर्थिंगची तिसरी तारच नसणे, असली तर ती पाण्याच्या लोखंडी नळाला बांधलेली असणे, आणि पुढे तो नळ बदलून प्लास्टिकचा झाल्यामुळे तिचा जमिनीशी संबंध पूर्णपणे तुटणे, हेही नेहमी दिसणारे दोष आहेत.

भाराचे गणित आणि मंजूर भार

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरात काही दिवे, एकदोन पंखे आणि एखादा रेडिओ असे. या सर्वांची एकत्रित मागणी ५०० वॅट धरली तरी २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती दोन-सव्वादोन अँपिअर प्रवाहापुरतीच भरते. आजच्या घरात २,००० वॅटचा एक गिझर चालू झाला की तोच पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो, आणि त्याच वेळी २,००० वॅटची इंडक्शन शेगडी व सुमारे १,५०० वॅटचे वातानुकूलन यंत्र चालू असेल तर एकूण प्रवाह २४ अँपिअरच्या घरात जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. या कारणाने दिवे-पंख्यांसाठी सर्वसाधारणपणे १.५ चौरस मिलिमीटर छेदाची, १६ अँपिअरच्या सॉकेटसाठी २.५ चौरस मिलिमीटरची आणि मोठ्या उपकरणांसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. वायरिंगची भारतीय संहिता, म्हणजे आयएस ७३२ हे मानक, मंडलांची म्हणजे स्वतंत्र सर्किटांची विभागणी आखून देते. दिवे-पंख्यांच्या एका मंडलावर दहापेक्षा अधिक पॉइंट घेऊ नयेत हा त्यातील प्रचलित दंडक आहे.

पुरवठादाराशी संबंध येतो तो मंजूर भाराच्या निमित्ताने. मंजूर भार म्हणजे ग्राहकाला एका वेळी जितकी वीज वापरू देण्याचे पुरवठादाराने मान्य केले आहे ती किलोवॅटमधील मर्यादा होय, आणि ती दरमहाच्या वीजबिलावर छापलेली असते. नूतनीकरणानंतरची गरज या मर्यादेपलीकडे जाणार असेल तर काम सुरू होण्यापूर्वीच भारवाढीचा अर्ज करणे शहाणपणाचे ठरते, कारण मीटर, रस्त्यावरून येणारी केबल आणि प्रसंगी एका फेजऐवजी तीन फेजचा पुरवठा यांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. अर्ज परिपूर्ण असेल तर नवी जोडणी देण्यासाठी वा असलेल्या जोडणीत बदल करण्यासाठी विद्युत (ग्राहक हक्क) नियम, २०२० मध्ये मुदती घालून दिल्या असून, २०२४ च्या दुरुस्तीनुसार त्या महानगरांत तीन दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस अशा आहेत. वितरण यंत्रणेचा विस्तार करावा लागत असेल तर अर्थातच अधिक काळ लागतो.

वाड्यांत व चाळींत राहणाऱ्या भाडेकरूंच्या दृष्टीने विद्युत अधिनियमाच्या कलम ४३ मधील शब्दयोजना मोलाची आहे, कारण वीजपुरवठा मागण्याचा अधिकार तेथे मालकाबरोबरच जागेचा ताबा असलेल्या व्यक्तीलाही दिलेला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम २९ घरमालकाला वीज व पाणी यांसारख्या अत्यावश्यक सेवा विनाकारण तोडण्यास मज्जाव करते. त्याचबरोबर घराच्या एका खोलीत दुकान वा कार्यालय थाटताना घरगुती जोडणीच वापरत राहणे हा विद्युत अधिनियमाच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मीटर आणि त्यापूर्वीची यंत्रणा पुरवठादाराची असल्यामुळे सुतार वा गवंडी यांच्या सोयीसाठी मीटर हलवणे किंवा त्याचे सील तोडणे हे काम कंत्राटदारानेही परस्पर करता कामा नये. त्यासाठी मीटर स्थलांतराचा स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

चाचणी अहवालात काय असले पाहिजे

अहवालातील पहिली आणि सर्वांत जुनी चाचणी आवरणरोधाची. आवरणरोध म्हणजे तारेवरील आवरण विजेला बाहेर निसटण्यास किती विरोध करते याचे माप. मेगर नावाच्या उपकरणाने जिवंत तार व अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट दिला असता हा रोध किमान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. ओल धरलेल्या भिंतीत किंवा तडकलेल्या रबरी तारेत हा आकडा झपाट्याने घसरतो, म्हणून जुन्या वायरिंगचा काही भाग राखून ठेवायचा असेल तर तो राखण्याजोगा आहे की नाही याचा निर्णय कारागिराच्या अंदाजाने न करता याच चाचणीने करावा लागतो.

दुसरी चाचणी ध्रुवतेची असून, प्रत्येक स्विच फेजच्या तारेवरच आहे की नाही हे तीत पाहतात. स्विच न्यूट्रलवर असेल तर तो बंद केल्यावरही दिव्याच्या होल्डरमध्ये विजेचा दाब कायम राहतो. तिसरी चाचणी अर्थिंगची आहे. उपकरणाच्या धातूच्या भागात वीज उतरली तर तिला जमिनीत जाण्याचा सुकर मार्ग देणे हे अर्थिंगचे काम असून त्याचे मानक आयएस ३०४३ हे आहे. त्यानुसार जस्तलेपित लोखंडी नळी वापरल्यास तिची लांबी अडीच मीटरपेक्षा कमी नसावी, तर प्लेट वापरल्यास ती निदान ६० गुणिले ६० सेंटिमीटरची असावी. जमिनीतील ओलावा उन्हाळ्यात कमी झाला की तिचा रोध वाढतो, त्यामुळे भर पावसाळ्यात घेतलेले समाधानकारक मापन मे महिन्यात तसेच राहील असे गृहीत धरता येत नाही. पुरवठादाराने मीटरजवळ अर्थचे टोक उपलब्ध करून द्यावे अशी नियमांत तरतूद आहे. जुन्या घरांत ते टोक आतल्या बोर्डापर्यंत कधी आणलेलेच नसते.

चौथी चाचणी गळती-रोधक यंत्राची, म्हणजे आरसीसीबीची. हे यंत्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करते, आणि दोहोंत ठरावीक फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. घरगुती जोडणीसाठी हा फरक ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त नसावा असे विनियमांनी ठरवले आहे. एमसीबी हे स्वयंचलित खटक्याचे साधन तारेला अतिभारापासून वाचवते, तर आरसीसीबी माणसाला धक्क्यापासून वाचवते. म्हणून एक असले की दुसरे नको, असे म्हणता येत नाही. जुन्या घरात आरसीसीबी बसवल्यावर ते वारंवार पडते, अशी तक्रार नेहमी ऐकू येते आणि पुष्कळदा यंत्र सदोष ठरवून ते काढून टाकले जाते. प्रत्यक्षात दोन मंडलांचे न्यूट्रल भिंतीत एकत्र जोडलेले असणे, न्यूट्रल व अर्थ यांची गल्लत झालेली असणे किंवा गिझरच्या तापघटकातून गळती होत असणे यांपैकी एखादे कारण त्यामागे असते, आणि यंत्र तो दोष दाखवून आपले काम चोख बजावत असते.

कामाचा क्रम

या सर्व चाचण्यांचा उपयोग त्या वेळेवर झाल्या तरच होतो. भिंतीला झिऱ्या मारून त्यांत नळ्या व तारा टाकल्यानंतर, परंतु गिलावा करण्यापूर्वी, पर्यवेक्षकाने एकदा पाहणी करणे आवश्यक आहे. गिलावा, टाइल्स आणि रंग झाल्यावर सापडलेला दोष दुरुस्त करण्याचा खर्च मूळ कामापेक्षा जास्त होऊ शकतो. भार वाहणाऱ्या विटांच्या वा मातीच्या भिंतींत लांब आडव्या झिऱ्या मारल्याने भिंत कमकुवत होते, म्हणून वाड्यांमध्ये आणि लाकडी सांगाड्याच्या घरांत भिंतीवरून दिसणारे केसिंग-कॅपिंग किंवा बाह्य नळ्या हाच अधिक योग्य मार्ग ठरतो. माळ्यावर आणि लाकडी तक्तपोशीच्या वर उघड्या तारा सोडल्या तर उंदीर त्यांची आवरणे कुरतडतात, त्यामुळे तेथे तारा नळीतूनच नेल्या पाहिजेत.

काम संपल्यावर घरमालकाच्या हाती काही कागद राहिले पाहिजेत : कोणता खटका कोणत्या खोलीचा हे दाखवणारा आराखडा, गिलाव्यापूर्वी घेतलेली तारांच्या मार्गाची छायाचित्रे, भारतीय मानक चिन्ह असलेल्या तारा व साधने यांची बिले, आणि कंत्राटदाराचा परवाना क्रमांक व प्रत्यक्ष मापनांचे आकडे असलेला चाचणी अहवाल. या अहवालाच्या आधारे पुरवठादाराने पुरवठा नाकारला तर कारणे व अपेक्षित दुरुस्त्या त्याने लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि ती कारणे ग्राहकाला अमान्य असतील तर विद्युत निरीक्षकाकडे दाद मागता येते. मुदतीत जोडणी न देणे, वाढीव आकारणी यांसारख्या सेवेच्या तक्रारींसाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यापुढे मुंबई व नागपूर येथील विद्युत लोकपाल असा मार्ग विद्युत अधिनियमाने उपलब्ध करून दिला आहे.

एकंदरीत पाहता घरगुती वायरिंगची भारतीय मंजुरी-पद्धती कागदावर साधी आणि ग्राहकाला सोयीची आहे, परंतु तिचे सारे बळ सही करणाऱ्याने स्वतः मापन केले आहे या एकाच गृहीतकावर अवलंबून आहे. नूतनीकरण करणाऱ्या प्रत्येक घरमालकाने कंत्राट देतानाच परवान्याची प्रत मागावी, आवरणरोध व अर्थिंग यांची मापने आपल्यासमोर घ्यावीत असा आग्रह धरावा, आणि ज्या अहवालात आकड्यांच्या जागी केवळ ‘समाधानकारक’ असा शेरा आहे तो परत करावा. भिंत बंद झाल्यावर आत काय आहे हे सांगणारा दुसरा कोणताही दस्तऐवज त्या घरात नसतो.